सहावीतला मुलगा आणि ऐंशीच्या आजी, दोघं वाचतील आणि भांडतील असं पुस्तक सांगा

ग्रंथपालबाई_विटा

नमस्कार मंडळी. एका पुस्तकाचं नाव हवंय, पण मागणी जरा अडचणीची आहे.

विट्यात आमचं छोटं वाचनालय आहे. महिन्यातून एका रविवारी दुपारी तिथं पंधरा-वीस जण बसतो. सगळ्यांनी एकच पुस्तक वाचून यायचं आणि मग बोलायचं. सगळ्यांत धाकटा सभासद सहावीत आहे, सगळ्यांत थोरल्या आजींनी ऐंशी ओलांडलीय. मधे दहावी-बारावीची पोरं, दोन शिक्षिका, एक यंत्रमागवाले काका, एक निवृत्त तलाठी आणि माझ्यासारख्या चाळिशीतल्या तिघी-चौघी. आधी मुलांचा कट्टा वेगळा होता. मुलांना सोडायला आलेली आजी-आजोबा मंडळी बाहेर पायऱ्यांवर बसून राहायची. एकदा वळीव आला म्हणून सगळ्यांना आत घेतलं, तर चर्चेत पायरीवरची माणसंच जास्त बोलली. तेव्हापासून एकच कट्टा.

मागच्या वेळी ‘बनगरवाडी’ घेतलं होतं. व्यंकटेश माडगूळकरांचं माडगुळं आमच्या शेजारच्या आटपाडी तालुक्यात, म्हणजे पुस्तक घरचंच. १९५५ सालचं, पातळ, भाषा सरळ. कुणाला नाही म्हणायला जागा नव्हती.

दुष्काळात वाडी ओस पडते त्या भागावर सहावीतल्यानं पहिला प्रश्न टाकला, “त्यांनी टँकर का नाही मागवला?” हसू नका. या मुलानं टेंभू सिंचन योजनेचं पाणी पाहिलंय, आटपाडीकडच्या डाळिंबाच्या बागा पाहिल्यात. त्याचा दुष्काळ टँकरपाशी सुरू होतो आणि टँकरपाशीच संपतो. आजी म्हणाल्या, “टँकर कुठला बाबा. बहात्तरला आम्ही रस्त्याच्या कामावर खडी फोडली, सुकडी खाल्ली, तांबडा मिलो खाल्ला.” मग सुकडी म्हणजे काय, मिलो कुठून यायचा, खडी फोडायचे पैसे किती मिळायचे, यातच बराच वेळ गेला. तलाठीकाकांना हजेरीपटाचे दरसुद्धा तोंडपाठ. त्यांना आवरावं लागलं.

खरी ठिणगी पुढं पडली. एकच बैल उरलेला असतो म्हणून बाई बैलाशेजारी स्वतःच्या खांद्यावर जू घेते, तो प्रसंग तुम्हाला आठवत असेल. दहावीतली एक मुलगी तडकली. “मास्तर बघतो आणि गोष्ट पुढं जाते. कुणालाच राग कसा येत नाही?” तलाठीकाका म्हणाले, “राग धरून बसले असते तर पेरणी हुकली असती.” ती म्हणाली, “मग नवऱ्यानं घ्यायचं जू, आणि बाईनं धरायचं औत.” सगळे गप्प. एक काका चाचरत म्हणाले, औत धरायला ताकद जास्त लागते. त्यावर आजी म्हणाल्या, “काही लागत नाही. मी दोन्ही केलंय.”

त्या दिवशी चहा निवला तरी कुणी उठेना.

तर मला असं दुसरं पुस्तक हवंय. भाषा सहावीतल्याला पेलली पाहिजे. बोधाची पाटी लावलेलं नको. आणि आज विकत मिळणारं हवं, कारण दुर्मीळ पुस्तकांच्या आठवणी काढणारे आमच्याकडं आधीच पुष्कळ आहेत.

‘श्यामची आई’ सुचवणार असाल तर ते झालंय. मोठी माणसं रडली, मुलं आदरानं गप्प बसली आणि अर्ध्या तासात सगळ्यांचं एकमत झालं. पुस्तक थोर आहे, त्यात वाद नाही. आणि वाद नाही हीच माझी अडचण आहे.

---

चष्मा_डोक्यावर

बाई, उपक्रमाबद्दल अभिनंदन, पण माझं मत उलट आहे. सगळ्या वयांनी एकच पुस्तक वाचावं ही हौस मोठ्यांची असते. मी नागपुरात तीस-एक वर्षं शाळेत शिकवलं. मूल खरं वाचतं ते कुणी बघत नसताना. गादीखाली, भूगोलाच्या वहीत लपवून, जेवायची हाक मारली तरी न उठता. ज्या पुस्तकावर आजी, तलाठी आणि ग्रंथपाल मिळून चर्चा करणार, त्यातला लपवायचा आनंद आधीच गेला.

सहावीतल्याला भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे द्या, दिलीप प्रभावळकरांचा बोक्या सातबंडे द्या आणि त्याच्याशी त्यावर एक अक्षर बोलू नका. आजींना ‘युगान्त’ द्या. इरावतीबाईंनी त्यात कुंती-गांधारीला देवघरातून काढून माणसांत बसवलंय, आजींना ते पटेल. दोन कपाटं, दोन किल्ल्या.

आणि एक कळकळीची विनंती. ‘एक होता कार्व्हर’ घेऊ नका. पुस्तक चांगलं आहे. वीणाताई गवाणकरांनी १९८१ साली लिहिलं तेव्हापासून ते महाराष्ट्रातल्या प्रत्येक बक्षीस समारंभात वाटलं जातंय. माझ्या विद्यार्थ्यांना ते वाचायच्या आधीच पाठ असायचं, इतकी त्यावर भाषणं ऐकलेली.

---

ग्रंथपालबाई_विटा

सर, कार्व्हरच्या आमच्याकडं चार प्रती आहेत. चारही बक्षीस म्हणून मिळालेल्या, पहिल्या पानावर प्रमुख पाहुण्यांच्या सह्या. त्यातल्या दोन उघडल्यासारख्याही दिसत नाहीत.

लपून वाचण्याचं म्हणणं शंभर टक्के मान्य. पण आमच्या सहावीतल्या मुलाच्या घरी पुस्तकंच नाहीत, तर लपवणार काय? त्याला घरी वाचताना फक्त आजोबांनी पाहिलंय, आणि आजोबांनी त्याच्यानंतर तेच पुस्तक मागून नेलं. मला तरी दोन किल्ल्या नकोत.

---

शेवटचा_बाक_८वी_ब

मी चौदा वर्षांचा आहे. मोठ्यांच्या धाग्यावर लिहिलं तर चालेल ना?

फास्टर फेणेबद्दल लिहायचंय. २०१७ चा सिनेमा मी घरी पाहिला होता. मग आजोबांनी त्यांच्याकडची जुनी पुस्तकं काढून दिली. सिनेमातला फेणे मोठा झालेला आहे, पुस्तकातला शाळेत आहे. पुस्तकातला जास्त भारी. काड्यापेटीसारखा बारीक, सायकल भन्नाट मारतो आणि काहीतरी सुचलं की ‘ट्टॉक्’ करतो. आम्ही हडपसरला राहतो. फेणे फुरसुंगीचा आहे हे कळल्यावर मला आधी हसूच आलं, कारण आमच्याकडं फुरसुंगी म्हटलं की कचरा डेपो. आजोबा म्हणतात तेव्हा तिकडं मळे होते.

पण चर्चेला हे पुस्तक नका घेऊ. आजोबा आणि मी एकदाच भांडलो. मी म्हटलं, गुंड प्रत्येक वेळी याच्यासमोरच मोठ्यानं बोलतात, असं कसं? ते म्हणाले, गोष्ट आहे ती, पंचनामा नाही. झालं, विषय संपला. मजा येते, पुस्तक संपतं, दुसरं घ्यावंसं वाटतं. बोलायला काही उरत नाही. म्हणजे वाईट नाही हे. फक्त तुमच्या रविवारसाठी नाही.

---

गोदेकाठची

‘स्मृतिचित्रे’ कुणी अजून म्हटलं नाही याचं नवल वाटलं. लक्ष्मीबाई टिळकांचं हे आत्मचरित्र १९३४ ते ३६ मध्ये आलं, तरी काल कुणीतरी ओट्यापाशी उभं राहून सांगितल्यासारखं वाटतं. शाळेत न गेलेली बाई, अक्षरओळख लग्नानंतरची, आणि काय मराठी! वडिलांचं सोवळं इतकं कडक की वाणसामानही धुऊन घ्यायचं. साखर-मीठ धुणाऱ्या माणसाच्या घरात किती गंमत आणि किती हाल झाले असतील, हे मुलांना आपोआप कळतं. माझ्या मुलीनं मला तेवढी पानं पुन्हापुन्हा वाचायला लावली होती.

आणि भांडण हवं असेल तर पुढं आहेच. रेव्हरंड टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या, मग त्यांच्याकडं गेल्या आणि १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. नवरा न विचारता धर्म बदलतो, बाईनं काय करायचं? तुमच्या दहावीतल्या मुलीला विचारा. माझ्या सासूबाईंचं मत होतं की त्यांनी जायलाच नको होतं. माझं मत, जाऊन त्यांनी टिळकांपेक्षा मोठं काम केलं. अकरा वर्षं आम्ही एका घरात राहिलो आणि या एका बाबतीत कधी जमलं नाही.

---

ग्रंथपालबाई_विटा

गोदेकाठच्या ताई, हे माझं स्वतःचं आवडतं पुस्तक. पण सहावीच्या मुलाला त्यातली माणसं लक्षात ठेवताना दम लागेल. कोण कुणाची भावजय, कोण कुणाचे मामंजी. आमच्या आजींना ते एका दमात कळेल, हा भाग वेगळा. एक करता येईल: सोवळ्याची पानं मोठ्यानं वाचायची, आणि पूर्ण पुस्तक ज्यांना हवं त्यांनी न्यायचं. दिवाळीच्या सुट्टीसाठी टिपून ठेवलंय.

---

मूस_आणि_भट्टी

ताई, नमस्कार. गाव खानापूर तालुक्यातलं, सध्या मुक्काम कोईमतूर. नावावरून धंदा ओळखला असेलच. बाकीच्यांसाठी सांगतो. आमच्या भागातली, म्हणजे खानापूर, आटपाडी, तासगाव इकडची माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर आहेत. गलाईवाले म्हणतात आम्हाला. सराफ पेठ असलेल्या कुठल्याही गावात जा, एखाद्या गल्लीत तेजाबाचा वास आला की समजायचं, आत कुणीतरी आपल्याकडचा आहे.

‘बनगरवाडी’ मी इथं आल्यावर वाचलं. माझ्या आजोबांनी दुष्काळातच गाव सोडलं. त्या पुस्तकाच्या शेवटी मेंढरं मरतात, माणसं जगायला बाहेर पडतात आणि गोष्ट संपते. आमच्या घराण्याची गोष्ट तिथून सुरू होते. त्यामुळं वाचताना मला मास्तरचं काही वाटलं नाही. मास्तर बदली होऊन जाणारच. गेलेली माणसं कुठं पोचली, हे मला पाहिजे होतं, ते पुस्तकात नाही. माझी ही तक्रार आहे, लोकांना चूक वाटेल. पुस्तक म्हणून ते चोख आहे, एक शब्द जास्तीचा नाही.

आता तुमच्या प्रश्नाचं. ‘पाडस’ घ्या.

मार्जोरी रॉलिंग्ज या अमेरिकन बाईंची कादंबरी, मूळ १९३८ ची, तिला पुलित्झर मिळालंय. मराठीत राम पटवर्धनांनी आणली. मी अनुवाद फारसे वाचत नाही, जीभ अडखळते. यात नाही अडखळली. फ्लोरिडातलं रान, तिथं बॅक्स्टर नावाचं एकच कुटुंब. बाप पेनी, आई ओरी, मुलगा ज्योडी, तुमच्या सहावीतल्याएवढाच. पिकलं तर खायचं, शिकार मिळाली तर मटण, नाहीतर नाही. दुकान लांब, शेजारी भांडखोर. आपल्याकडच्या माणसाला यातलं काहीही समजावून सांगावं लागत नाही. अस्वल डुकरं मारतं तिथं बिबट्यानं शेळी नेली म्हणायचं, तेवढाच फरक.

बापाला साप चावतो. जवळच एक हरिणी असते, तो तिला गोळी घालतो आणि तिचं काळीज जखमेवर लावून विष ओढून घेतो. हरिणीचं पाडस मागं उरतं. ज्योडी हट्टानं ते घरी आणतो. तिच्यामुळं बाप वाचला, मग तिच्या पिल्लाला वाऱ्यावर सोडायचं का, असा त्याचा हिशोब. बापाला तो पटतो. आईला नाही पटत, कारण घरात दूध मोजकं.

वर्षभरात पाडस मोठं होतं आणि मक्यात शिरतं. एकदा कोंब खाल्ले, पोरानं परत पेरलं. कुंपण वाढवलं, त्यानं उडी मारली. बाप अंथरुणाला खिळलेला. घरात वर्षाचं धान्य म्हणजे तेवढाच मका. शेवटी बाप, जो सगळ्यांत मऊ काळजाचा आहे, तोच सांगतो की त्याला मारावं लागेल. पोराच्यानं होत नाही. मग आई बंदूक घेते. तिचा नेम नीट लागत नाही, जनावर तडफडत राहतं, आणि शेवट पोरालाच करावा लागतो. पुढं तो घर सोडून पळतो. बाकीचं सांगत नाही.

आमच्या घरी हे मी मोठ्यानं वाचलं. पोरगा आठवीत आहे. घरात मराठी, गल्लीत तमिळ, शाळेत इंग्रजी. मराठी बोलतो झकास, पण वाचताना एकेक अक्षर जोडत बसतो आणि कंटाळून सोडतो. म्हणून दुकान बंद केल्यावर रात्री मी वाचायचो. बायको भाकरी करता करता ऐकायची. आई गावाकडून आली होती, ती भिंतीला टेकून ऐकायची आणि मधेच म्हणायची, “थांब, परत वाच ते.”

पोरगा म्हणाला, कुंपणाला वरून तार का नाही मारली? ताई, तुमच्या टँकरवाल्याचा हा थोरला भाऊच समजा. बायको म्हणाली, बापानं आधीच सोडून यायचं होतं लांब रानात, पोराच्या नादानं उशीर केला. आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “तिनं गोळी घातली ते बरं केलं. बापाच्यानं झालं नसतं, पोराच्यानं झालं नसतं. घरात कुणीतरी वाईट व्हायलाच लागतं.” पोरगा चिडून उठून गेला. दोन दिवस आजीशी धड बोलला नाही.

तुम्ही भांडण मागितलं होतं म्हणून सांगितलं.

---

चष्मा_डोक्यावर

भट्टीवाले दादा, तुमच्या मातोश्रींना माझा नमस्कार सांगा. तीस वर्षांत शाळेतल्या कुठल्या परिसंवादात ‘पाडस’बद्दल यापेक्षा बरं काही ऐकलेलं मला आठवत नाही.

तरी शंका आहेच. अकरा-बारा वर्षांच्या मुलाला हे द्यायचं का? आठवीतला चिडून उठून गेला, सहावीतला रात्री झोपणार नाही. आमच्या शाळेच्या ग्रंथालयात एक पालक यावरून भांडायला आले होते. त्यांचं म्हणणं होतं, मुलाला जनावर मारायला लावणारं पुस्तक देता कशाला. मी मुलाच्या बाजूनं बोललो, पण त्या रात्री मलाही प्रश्न पडला होता.

---

मूस_आणि_भट्टी

सर, तुमची शंका शहरातल्या मुलांपुरती खरी असेल. आमच्याकडची मुलं खरसुंडीच्या यात्रेत जनावरांचा बाजार बघतात. ज्या खोंडाला स्वतः पेंड चारली, ज्याला नाव ठेवलं, तो दुसऱ्याच्या दाव्याला बांधून जाताना बघतात. घरचा बोकड जत्रेला कापतात तेव्हा ताटात वाढलेलं खायचं की नाही, हा निकाल आमच्यातल्या प्रत्येकानं लहानपणी एकट्यानं लावलाय. मी दोन वर्षं नाही खाल्लं. मग खायला लागलो. यावर घरात कुणी कधी एक शब्द बोललं नाही, तशी पद्धतच नाही. ‘पाडस’मधला बाप पोराशी यावर बोलतो. मला वाटतं वाचताना माझा कंठ दाटला तो हरणासाठी नाही, त्या बोलण्यासाठी.

मुलाला रडू येईल हे खरं. पण शेजारी आजी बसलेली असेल ना त्याच्या.

---

शेवटचा_बाक_८वी_ब

मी ‘पाडस’ वाचलंय!! सातवीच्या सुट्टीत. सुरुवात हळू आहे, पहिली वीस-पंचवीस पानं आजोबांनी जबरदस्ती केली म्हणून वाचली. पाणचक्कीचा भाग आवडला, मग अस्वलाच्या मागं जातात तो. शेजारचा तो अपंग मुलगा, जो प्राणी पाळतो, तो माझा सगळ्यात आवडता. पाडसाला नाव तोच सुचवतो. तो मरतो तेव्हा मी जास्त रडलो, पाडसाच्या वेळी कमी. कारण पाडसाचं काहीतरी होणार हे कळत होतं. त्या मुलाचं अचानक होतं.

आईवर माझा अजून राग आहे. भट्टीवाल्या काकांच्या आई म्हणतात ते मला कळतं, पण ओरी पुस्तकभर पोराशी प्रेमानं बोलतच नाही. आधी चार शब्द बरे बोलली असती तर गोळीचं मी समजून घेतलं असतं. आजोबा म्हणाले की तिची आधीची बरीच मुलं लहानपणीच गेलेली असतात, म्हणून ती जीव लावायला घाबरते. ते पुस्तकात सुरुवातीलाच आहे. मी वाचलं होतं पण माझ्या लक्षातच राहिलं नव्हतं. आजोबांच्या बरोबर तेच लक्षात राहिलं होतं.

---

गोदेकाठची

शेवटच्या बाकावरच्या दादा, मुलं गेल्याचं ते वाक्य मलाही पहिल्या वाचनात दिसलं नव्हतं. कॉलेजात होते तेव्हा मी पूर्णपणे ज्योडीची. पुढं मुलगी झाल्यावर पुन्हा वाचलं आणि ओरीची प्रत्येक कुरकुर पटायला लागली. मका किती उरलाय हे पानोपानी तीच एकटी मोजते. बापलेक रानात क्रौंच पक्ष्यांचा नाच बघत उभे, आणि ही घरी सरपण आणि पाणी बघणार. विहीरसुद्धा दाराशी नाही. कपडे धुवायला लांब जावं लागतं. पुस्तकात तिच्याकडून एकही पान लिहिलेलं नाही, बहुतेक सगळं पोराच्या डोळ्यांनी. विट्याच्या दहावीतल्या मुलीला हे बरोबर दिसेल बघा.

‘स्मृतिचित्रे’ दिवाळीला ढकललंत याचा राग मागे घेते. आधी हे घ्या.

---

ग्रंथपालबाई_विटा

ठरलं, ‘पाडस’.

काल कट्ट्यावर नाव सांगितलं. तलाठीकाका लगेच म्हणाले, अमेरिकेतलं कशाला, आपल्याकडं काय कमी आहे? यंत्रमागवाले काका म्हणाले, जाड आहे. दहावीवालीनं विचारलं, बाई आहे का त्यात, की फक्त बाप आणि मुलगा? मी म्हटलं, वाचून तूच सांग. सहावीतल्यानं फक्त मुखपृष्ठ बघितलं आणि विचारलं, “शेवटी मरतं का?” मी काही बोलायच्या आत आजी म्हणाल्या, “मी वाचून सांगते तुला आधी.” हे चालू द्यायचं की नाही, मला अजून ठरवता आलेलं नाही.

अडचणी दोन. आमच्याकडं एकच प्रत आहे आणि तिची शिवण सुटलीय. पुण्याहून आणखी मागवल्यात. सगळ्यांना एका महिन्यात वाचून होणार नाही, म्हणून दोन बैठका करायच्या ठरवल्यात. पण मधे थांबायचं कुठं? साप चावतो तिथं थांबवलं तर?

---

मूस_आणि_भट्टी

साप चावल्यावर नका थांबवू ताई, तिथं सोडलं तर पोरं पुस्तक पळवून नेतील आणि एकुलती प्रत परत यायची नाही. पाडस घरी येतं, त्याला बोटानं दूध चाटायला शिकवतो, तिथं थांबवा. पहिल्या बैठकीत सगळे खुशीत घरी जातील. आणि सुरुवातीची पानं मोठ्यानं वाचून घ्या, तो शेवटच्या बाकावरचा म्हणतो ते खरं आहे, गाडी हळू सुटते.

सुटी शिवण मैद्याच्या खळीनं आणि मलमलीच्या पट्टीनं घट्ट होते. रात्रभर वर पाटा ठेवा.

---

चष्मा_डोक्यावर

माझ्याकडं एक जुनी प्रत आहे. पत्ता व्यक्तिगत निरोपात कळवा, टपालानं पाठवतो. त्यात माझ्या पेन्सिलीच्या खुणा आहेत, त्या खोडू नयेत. सहमत व्हायचीही सक्ती नाही.

आजींना आधी वाचू द्या.

---

शेवटचा_बाक_८वी_ब

कुठंही थांबवा. पोरं पुढचं वाचूनच येणार.